महिना लागला तर बिघडलं कुठं?

'माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझे झालेले आहेत. 1984 सालापासून गच्चीवर सूर्यचुलीच्या पेटीशेजारी उभं राहून मी जे ऊन खाल्लं आहे, त्याचा हिशेब काढला तर डोक्यावर केस उरले हेच नवल. तेव्हा ऊन या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजतो. आमचा कट्टा तसं समजत नाही.

कट्टा म्हणजे सोसायटीच्या फाटकाजवळचा सिमेंटचा बाक. रोज सकाळी फिरून आल्यावर (म्हणजे बाकापर्यंत फिरून आल्यावर) आम्ही सहा-सात निवृत्त गृहस्थ तिथं बसतो आणि देश चालवतो. परवा मी सहज म्हणालो, "उन्हावर अवकाशयान चालवता येतं. मोठ्या आरशांनी ऊन एका ठिकाणी गोळा करायचं आणि त्या उष्णतेवर यान पुढं ढकलायचं."

क्षणभर शांतता. मग जन्मभर बँकेत कॅश मोजलेले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या चौथ्या मजल्यावर सोलरच्या नळाला सकाळी सातला धड कोमट पाणी येत नाही, आणि हे निघाले चंद्रावर!"

बाक हसला. पलीकडच्या टोकाला नाना बसतात. त्यांना जगात काही नवीन घडलेलं खपत नाही. ते म्हणाले, "यात विशेष काय? आपली विमानं उन्हावरच चालायची. ग्रंथात आहे." नानांच्या त्या वैमानिकशास्त्राची 1974 साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी नीट तपासणी केली होती. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. हे मी नानांना तीनदा सांगितलं आहे. पण नाना ऐकताना कानातलं यंत्र बंद करतात आणि बोलताना सुरू करतात. तेव्हा नानांचा विषय इथंच सोडतो. माझं खरं भांडण त्यांच्याशी नाही. कॅशवाल्यांशीही नाही; त्यांचा राग सूर्यावर नसून सोसायटीच्या प्लंबरवर आहे.

माझं भांडण आहे माझ्या भाच्याशी. त्याला कट्ट्यावरची हकिकत सांगितली तेव्हा तो हसला नाही. तो इंजिनिअर आहे, त्याला सगळं कळतं. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "मामा, तू म्हणतोस ते शक्य आहे. पण वर पोचायला महिना लागतो रे. हू विल वेट?"

हू विल वेट! थांबणार कोण! या तीन शब्दांनी माझं डोकं जे तापलं, ते अजून उतरलेलं नाही. हा लेख त्या तापात लिहिला आहे.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. शाळेत असताना आपण सगळ्यांनी भिंगानं कागद जाळलेला आहे. काहींनी पुढच्या बाकावरच्या मुलाची टोपीही. तेच भिंग मोठं करायचं. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो नावाच्या गावी आरशांची एक सूर्यभट्टी आहे. तिच्यात एका ठिकाणी एकवटलेलं ऊन 3,000 अंशांच्या वर जातं. लोखंडाचं तिथं पाणी होतं. आता असा आरसा अवकाशात न्यायचा. लोखंडी नव्हे, पातळ, चकचकीत कापडासारखा, घडी घालून नेलेला आणि वर गेल्यावर छत्रीसारखा उघडणारा. त्यानं गोळा केलेलं ऊन एका छोट्या भट्टीवर पाडायचं, भट्टी 2,000 अंशांच्या वर तापवायची आणि तिच्यातून हायड्रोजन सोडायचा. तो तापून, फुगून मागच्या तोटीतून सुसाट बाहेर पडतो आणि यान पुढं सरकतं. जळत काहीच नाही. कुकरची शिट्टी आडवी केली तर जे होईल तेच.

मग साध्या अग्निबाणापेक्षा यात फायदा काय? फायदा हायड्रोजनच्या हलकेपणात आहे. नेहमीच्या उत्तम अग्निबाणात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळतात, त्याची वाफ होते आणि ती सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगानं बाहेर पडते. पण वाफेचा रेणू हायड्रोजनच्या नऊपट जड. नुसता हायड्रोजन तापवला तर तोच वेग आठ किलोमीटरच्या आसपास जातो. वायू जितका वेगानं मागं फेकावा, तितका तो कमी लागतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत 10 टनांचं यान आहे आणि ते 36,000 किलोमीटर उंचीवर, टीव्हीचे उपग्रह असतात तिथं न्यायचं आहे, असं समजा. जाळूनपोळून नेलं तर ढोबळ मानानं सहा टन इंधन जातं आणि चार टन ऐवज पोचतो. उन्हानं नेलं तर साडेचार टन जातं, साडेपाच पोचतो. दीड टन फायदा! त्यातून आरशांचं वजन वजा करा, तरी व्यवहार तोट्याचा नाही.

जमिनीवरून उठायला मात्र याचा उपयोग नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगून टाकतो. शंभर चौरस मीटरचा आरसा घेतला, म्हणजे आमच्या दोन बेडरूमच्या ब्लॉकहून बराच मोठा, तरी मिळणारा जोर दोन-अडीच किलोचाच. मंडईतून कांदे-बटाट्याची पिशवी उचलताना लागतो तेवढा. तेवढ्यानं अग्निबाण सोडा, त्याचं झाकणसुद्धा उचलणार नाही. पण एकदा कक्षेत गेलं की तिथं हवा नाही, घर्षण नाही, खड्डे नाहीत, टोलनाका नाही. ही बटाट्याची पिशवी दिवसरात्र ढकलत राहते. खरं म्हणजे दिवसरात्र नाही, कारण नव्वद मिनिटांच्या फेरीत सुरुवातीला पस्तीसेक मिनिटं पृथ्वीची सावली येते आणि ढकलणं थांबतं. त्यावरही तोड आहे. भट्टीत ग्रॅफाइटचा ठोकळा ठेवायचा. तो उन्हात तापतो आणि सावलीत ऊब देतो, कोळसे विझले तरी धोब्याची इस्त्री थोडा वेळ गरम राहते तशी. असं ढकलत ढकलत साधारण महिन्याभरात यान मुक्कामी पोचतं.

इथं एक घोळ निस्तरतो, कारण कट्ट्यावर तो झालाच. नुसत्या प्रकाशाच्या रेट्यावर जाणारं सौरशीड वेगळं. जपाननं 2010 साली 'इकारोस' नावाचं तसं यान शुक्राच्या दिशेनं सोडलं. चौदा मीटर बाय चौदा मीटरचं शीड, आणि त्यावर उन्हाचा रेटा किती, तर तळहातावर तांदळाचे पाच-सहा दाणे ठेवल्यावर जाणवेल (खरं म्हणजे जाणवणार नाही) एवढा. तरी ते त्यावर चाललं. हा तांदळाच्या दाण्यांचा रेटा आपल्याही घरात येऊन गेला आहे. 30 ऑगस्ट 1983 रोजी 'चॅलेंजर'मधून वर गेलेल्या आपल्या इन्सॅट-1बी उपग्रहाचा सौरपंखा एकाच बाजूला होता. ऊन त्या बाजूला रेटत राहणार आणि उपग्रह तिरका होणार, म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर एक छोटं शीड लावलं होतं, कावडीला तोल असतो तसं. 'हम लोग' बघताना आमच्या चाळीत पंचवीस माणसं एका टीव्हीपुढं दाटीनं बसत. वर कोणीतरी उन्हाचा तोल सांभाळतं आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. आम्हाला अँटेना फिरवणाराच तेवढा ठाऊक.

असो. तर भाच्याचा महिना.

ही कल्पना आजची नाही. 1956 साली क्राफ्ट एरिके नावाच्या जर्मन वळणाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ती कागदावर मांडली. पारदर्शक फुगे, त्यांची अर्धी बाजू आरशासारखी, त्यात गोळा होणारं ऊन आणि मध्ये हायड्रोजन. गंमत बघा, याच एरिकेच्या डोक्यातून हायड्रोजन जाळणारा 'सेंटॉर' अग्निबाणही निघाला. तो धडाडून जळणारा, म्हणून 1963 सालीच वर गेला आणि नावाजला. शांतपणे तापणारं थोरलं भावंड मात्र कागदावर बसून राहिलं. एका बापाची दोन मुलं. आवाज करणारा नोकरीला लागला! 1990 च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलानं उन्हाच्या इंजिनाच्या जमिनीवर चाचण्या केल्या, पण पुढं ठरवलेलं उड्डाण झालंच नाही. आता काही खाजगी कंपन्यांनी हा विषय पुन्हा हातात घेतला आहे. म्हणजे साठ-सत्तर वर्षं हा नवरदेव मांडवाबाहेर उभा आहे.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. लिटरभर दूध किलोभर भरतं, लिटरभर द्रव हायड्रोजन सत्तर ग्रॅम. साडेचार टन हायड्रोजन म्हणजे मे महिन्यात आमच्या सोसायटीला लागतात तसे सहा टँकर. तो उणे 253 अंशांवर थंड ठेवायचा आणि त्याच यानात शेजारी दोन हजार अंशांची भट्टी पेटवायची. सासू आणि सून एका खोलीत. शिवाय आरसा सूर्याकडे अचूक रोखलेला पाहिजे. जरा मान वळली की ऊन भट्टीऐवजी भलतीकडे. या अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्यावर डोकं चालवणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण "हू विल वेट" ही अडचण नाही. ती खोड आहे.

आणि तीही खोटी! कारण घाईवाले प्रत्यक्षात थांबतात. 2015 सालच्या मार्चमध्ये एबीएस-3ए नावाचा उपग्रह वर गेला. त्याला सौरपत्र्यांच्या विजेवर चालणारी इंजिनं होती. ती इंधन आणखी कमी खातात, पण ढकलतात त्याहून हळू. मुक्कामी जाऊन कामाला लागायला त्याला ऑगस्ट संपला. सहा महिने! विजेसाठी सहा महिने चालतात आणि उन्हासाठी एक महिना चालत नाही? भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मामा, तिथं इंधन एवढं वाचतं की परवडतं." म्हणजे थांबणं परवडतं! मग आधीच तसं म्हणायचं. 'थांबणार कोण' असं विचारायचं नाही. 'किती थांबल्यावर किती वाचतं' असा हिशेब मांडायचा. हा हिशेब बायका रोज मांडतात. त्यावरून मी आमच्या पेटीकडे येतो.

1984 साली हिनं सरकारी सवलतीत सूर्यचूल आणली. पत्र्याची चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि पोटात काळ्या रंगाचे चार गोल डबे. चाळीत सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हे मी आज पहिल्यांदाच छापील कबूल करतो आहे. "आज सूर्य रजेवर दिसतो," "मावळायच्या आत वरण मिळेल ना?" असले विनोद मी जेवणाऱ्यांच्या पंक्तीत बसून केले, आणि जेवत होतो त्याच पेटीतला भात. दहाला डबे ठेवायचे, साडेबाराला वरणभात तयार. करपणं नाही, उतू जाणं नाही, ढवळायला उभं राहणं नाही. तेवढ्या वेळात ती शेजारच्या दोन मुलींना गणित शिकवायची. त्यांतली एक पुढं डॉक्टर झाली. मी तेवढ्या वेळात काही झालो नाही.

रविवारी माझ्याकडे एक काम असायचं. दर अर्ध्या तासानं खालून हाक यायची, "अहो, पेटी फिरवा जरा!" सूर्य सरकला की पेटी सरकवायची आणि आरशाचा कवडसा काचेच्या मधोमध पाडायचा. अवकाशयानात या कामाला महागडी यंत्रणा बसवतात. आमच्याकडे मी होतो.

एकदा पेटीनं दगा दिला. आमच्या ऑफिसातले साहेब जेवायला यायचे होते, आणि नेमकं अकरा वाजता आभाळ आलं. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, गॅसवर ठेव!" ती म्हणाली, "मग ठेवीन की. गॅस काय पळून जातोय?" आणि ठेवला. माझ्या सगळ्या युक्तिवादाचं सार त्या वाक्यात होतं, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. गॅस घरातून काढून टाका असं ती कधी म्हणाली नाही. घाई असेल तेव्हा गॅस, नसेल तेव्हा ऊन. उपग्रह ताबडतोब पाहिजे असेल तर खुशाल जाळा इंधन. पण वर बांधायच्या स्थानकांचं सामान, पाणी, सुटे भाग, यांतलं काय महिन्याभरात नासणार आहे? ते काय कोथिंबीर आहेत?

शिर्डीच्या प्रसादालयात 2009 साली 73 मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. त्या ऊन गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक शिजतो. तिथं रांगेत उभ्या असलेल्या एकाही भक्तानं 'हू विल वेट' म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

भाच्याला मी विचारलं, "तुझा दहा मिनिटांत डबा आणून देणारा पोरगा असतो ना, तो ती वाचलेली वीस मिनिटं कुठं ठेवतो रे?" तो म्हणाला, "म्हणजे?" म्हणजे, त्या पोराच्या वाट्याला येतो लाल सिग्नल, तुझ्या वाट्याला येतो मोबाइल. वाचलेल्या वेळाची साठवण कोणाकडेच नाही. आमची पिढी फोनसाठी नंबर लावून बसली, स्कूटरसाठी बसली, गॅससाठी बसली. त्यातली निम्मी वर्षं निव्वळ सरकारी ढिलाईत गेली, त्याचं कौतुक मी करणार नाही. ते थांबणं लादलेलं होतं. पण थांबून काही वाचत असेल, तर ते थांबणं आळस नव्हे. घाटात पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. पंचेचाळीस वर्षं मी ती एसटीच्या खिडकीतून वाचत आलो. ती वाचायलासुद्धा गाडी हळू जावी लागते.

भाचा म्हणाला, "मामा, तू इमोशनल होतोयस." झालो तर झालो! आमच्या पूर्वेला आता बावीस मजली इमारत उभी राहिली आहे. आमची सोसायटी पाच मजली. पूर्वी गच्चीवर ऊन साडेसातला यायचं, आता साडेअकराला येतं. ही सावली आमच्यावर कोणी महिनाभर थांबून टाकलेली नाही. अठरा महिन्यांत टॉवर पूर्ण केल्याचा फलक लावून टाकली आहे. वर अवकाशात सावली आली तर पस्तीस मिनिटांत जाते. ही कधीच जायची नाही. आणि आता आमच्याही इमारतीच्या पुनर्विकासाचं चाललं आहे. नव्या नकाशात गच्चीवर जिम आहे. सूर्यचुलीची जागा कुठं दाखवली आहे असं मी मीटिंगमध्ये विचारलं, तर तरुण आर्किटेक्टनं मला दोनदा प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

हिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच आहे, गच्चीवर जायला बावीस पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून गेली दोन वर्षं डबे मी नेतो. गेल्या रविवारी भाचा आला होता. बाराला त्याला भूक लागली. त्यानं मोबाइल काढला.

"मामी, काहीतरी मागवू? दहा मिनिटांत येतं."

"अरे, भात लावलाय," ही म्हणाली.

"कधी होईल?"

"साडेअकराला ऊन आलंय. दोनपर्यंत होईल."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मी चपला घालत होतो. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "चल मामा, मी येतो."

आम्ही वर गेलो. पेटीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. त्यानं वाकून आत बघितलं, आरशाचा कोन बघितला, सूर्याकडे बघितलं, आणि इंजिनिअरनं करावा तसा पेटीला एका बाजूनं बोटभर धक्का दिला. कवडसा मधोमध आला.

खालून हाक आली, "अहो, फिरवली का पेटी?"

"फिरवली गं!" मी ओरडलो. भाचा आधीच कठड्याच्या सावलीत जाऊन बसला होता, घड्याळाकडे बघत.